पित्ताशय काढलं की पित्त जातं का? (आणि पोटाचे बाकीचे प्रश्न)

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की पुढच्या वेळी पोटाबद्दल विचारा, आणि बाप रे, तुम्ही खरंच विचारलंत. अर्ध्याहून जास्त पत्रांत एकच शब्द, पित्त. म्हणून या वेळी त्यालाच सगळ्यात जास्त जागा दिलीये, बाकीच्यांनी रागावू नका. आणि नेहमीचं एकदा सांगून टाकते, मी डॉक्टर नाही, नर्सिंगच्या मुलींना सत्तावीस वर्षं शरीरक्रिया शिकवलेली बाई आहे, तेव्हा गोळीचं नाव मागू नका, आत काय चालतं ते विचारा.

ताई, आमच्या ह्यांना वीस वर्षं पित्ताचा त्रास आहे. जळजळ, आंबट ढेकर, कधीकधी डोकं धरून उलटी, आणि पावसाळ्यात अंगावरही पित्त उठतं. आता सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघालेत, सर्जन म्हणतात पिशवी काढून टाकू. सासूबाई एकदम खूश, म्हणतात बरं झालं, मूळच काढतायत, आता पित्त कायमचं जाईल. खरंच जाईल का?
(एक वाचक, लालबाग)

नाही हो. खड्यांचं दुखणं जाईल, जळजळ जाईलच असं नाही आणि अंगावर उठणाऱ्या पित्ताचा तर त्या पिशवीशी काही संबंधच नाही. सासूबाईंना हसू नका मात्र, चूक त्यांची नाही, आपण मराठीत तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन बसलोय आणि मग डॉक्टरकडे जाऊन नुसतं "पित्त झालंय" सांगतो, तो बिचारा काय समजणार.

पहिली गोष्ट जळजळ. हे पित्त नाहीच, हे जठरातलं ॲसिड. जठराच्या अस्तरातल्या काही पेशी हायड्रोक्लोरिक ॲसिड बनवतात, त्याचा पीएच साधारण १.५ ते ३.५, म्हणजे लिंबाच्या रसाच्या जवळपास किंवा त्याहून जहाल, आणि दिवसाला सगळा मिळून दोनेक लिटर जठररस तयार होतो. जठर स्वतः जळत नाही कारण आतून चिकट श्लेष्माचा थर असतो. अन्ननलिकेला तशी सोय नाही. दोघांच्या मधे जो आवळून बसलेला स्नायू असतो तो सैल पडला की ॲसिड वर येतं आणि छातीत आग होते. रात्री भरपेट जेवून लगेच आडवं झालं की हमखास. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा असं सगळे सांगतात, पण साडेनऊला घरी पोचणाऱ्या आणि पाचला उठणाऱ्या कर्जत-कसाऱ्याच्या माणसाला हे सांगायला मला खरंच लाज वाटते. त्याने निदान एवढं करावं, संध्याकाळी ऑफिसमधून निघायच्या आधी काहीतरी पोटभरीचं खाऊन घ्यावं, घरी आल्यावर थोडंच जेवावं, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावाव्यात. नुसत्या दोन उशा घेऊन मान वाकडी होते, बाकी काही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खरंखुरं पित्त. हिरवट पिवळं, कडू, आणि गंमत बघा, ॲसिड तर नाहीच, उलट किंचित अल्कलीकडे झुकणारं. ते बनतं लिव्हरमध्ये, दिवसाला अर्धा ते एक लिटर. त्याचं काम म्हणजे तेला-तुपाचे बारीक थेंब करणं. भज्यांची कढई नुसत्या पाण्याने धुवून बघा, तेल इकडून तिकडे पळतं, भांड्याचा साबण लावला की सुटतं. पित्त म्हणजे आतड्यातला हा साबण. थेंब बारीक झाले की मग स्वादुपिंडाचा रस त्यांना पचवतो.

मग पिशवी कशाला? आपल्याकडे पाण्याची वेळ असते ना, तसं समजा. लिव्हरचा नळ चोवीस तास बारीक धारेने चालू, पण साबण लागतो जेवणानंतर एकदम. म्हणून मधे एक पिंप. पित्ताशय म्हणजे ते पिंप, मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, पण ते पित्तातलं पाणी शोषून घेऊन त्याला घट्ट करून ठेवतं, त्यामुळे एवढ्यात भागतं. (आणि घट्ट करताना त्यातलं कोलेस्टेरॉल विरघळेनासं झालं की तिथेच खडे धरतात.) पिंप काढून टाकलं तरी नळ चालूच राहतो, धार सरळ आतड्यात पडते. बहुतेकांचं छान चालतं, काहींना सुरुवातीला तेलकट खाल्लं की पोट पातळ होतं, एवढंच.

आता या पिंपाला कळतं कसं की वडा आलाय? हा भाग मला फार आवडतो, वर्गात सुद्धा मी इथे वेळ घालवायचे आणि मग पोर्शन राहायचा. जठरातून तेलकट अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरलं की तिथल्या भिंतीतल्या पेशी रक्तात एक निरोप सोडतात, त्याचं नाव कोलेसिस्टोकायनिन. तो रक्तातून फिरून पित्ताशयाशी येतो आणि पित्ताशय आकुंचन पावतं. खडे असले की याच वेळी कळ येते, उजव्या बरगडीखाली, कधी उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत, म्हणूनच लग्नातल्या जेवणानंतर रात्री लोक तळमळतात.

हार्मोन म्हटलं की आपल्याला थायरॉइड आणि पाळी एवढंच आठवतं, पण जगात "हार्मोन" हा शब्द ज्याच्यावरून आला तो निरोप आतड्याचाच. १९०२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याच्या सगळ्या नसा (म्हणजे मज्जातंतू) तोडल्या, फक्त रक्तवाहिन्या ठेवल्या, आणि त्या तुकड्यात ॲसिड घातलं. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की हुकूम नसांमधून जातो. नसा तर तोडलेल्या, तरी स्वादुपिंडातून रस सुटला. म्हणजे निरोप रक्तातून गेला. त्याला त्यांनी सिक्रीटिन नाव दिलं, आणि १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा सगळ्या निरोप्यांसाठी हार्मोन हा शब्द वापरला.

उलटीचं काय? सारखे उमाळे येऊन जठर रिकामं झालं की आतड्यातलं पित्त मागे येऊन बाहेर पडतं, पिवळं कडू, आणि आपण म्हणतो पित्त पडलं, आता डोकं उतरेल. ज्यांचं डोकं अर्धंच ठणकतं, उजेड-आवाज सहन होत नाही, त्यांचं हे पुष्कळदा मायग्रेन असतं. त्यात जठर मंदावतं, मळमळ होते, उलटी होते. म्हणजे पित्ताने डोकं दुखत नाही, डोकेदुखीने पित्त पडतं. तुमच्या ह्यांनी हे डॉक्टरांना वेगळं सांगायला हवं.

तिसरी गोष्ट अंगावरचं पित्त, गांधी. ही ॲलर्जीची भानगड, त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, त्याने खाज आणि लाल चट्टे. आता ऐका. हेच हिस्टामिन जठरातही असतं आणि ॲसिड बनवणाऱ्या पेशींना "ॲसिड सोडा" म्हणून सांगतं! पण हिस्टामिनची किल्ली पेशींवरच्या ज्या कुलपांत बसते ती कुलपं वेगवेगळी आहेत, त्वचेतलं मुख्यतः एच-१ आणि जठरातलं एच-२. हे दुसरं कुलूप ओळखून जेम्स ब्लॅक यांनी सिमेटिडिन हे औषध काढलं, त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. म्हणून खाजेची गोळी घेऊन जळजळ जात नाही. आणि मंडळी, आजीने दोन्हीला पित्त म्हटलं हा योगायोग आहे, आपल्या पूर्वजांना हिस्टामिन माहीत होतं म्हणून फॉरवर्ड करू नका, मला माझ्याच लेखाचे फॉरवर्ड परत येतात.

दोन गोष्टी मात्र थट्टेच्या नाहीत. खडे असलेल्या माणसाला ताप आला, थंडी वाजली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि छातीत दाब, घाम, जबड्यात नाहीतर हातात कळ असेल तर "गॅस झालाय" म्हणून ओवा चावत बसायचं नाही, आधी ईसीजी. माझ्या चाळीतले एक काका ओवा चावत बसले होते, तेव्हापासून हे वाक्य मी प्रत्येक वेळी लिहिते.

मॅडम, रोज सकाळी चहाचे दोन घोट गेले की मला धावत जावं लागतं, आणि ७.४२ चुकते. माझं पचन इतकं फास्ट आहे का, की चहा सरळ खाली जातो?
(एक वाचक, डोंबिवली)

चहा इतक्या लवकर कुठेही जात नाही. तो जठरात पोचला आणि जठर जरा ताणलं की मोठ्या आतड्याला इशारा जातो, नवीन माल आलाय, जुना हलवा. हा शरीराचा जन्मजात रिफ्लेक्स आहे, तान्ही बाळं दूध पिता पिता लंगोट का भरवतात ते कुठल्याही आईला विचारा. शिवाय झोपेत मोठं आतडं शांत असतं आणि जाग आल्यावर कामाला लागतं, त्यामुळे सकाळी हा जोर जास्त. बाहेर पडतंय ते कालचं किंवा परवाचं, कारण जठरात अन्न दोन-चार तास, लहान आतड्यात त्याच्या थोडं वर, आणि मोठ्या आतड्यात दिवस-दीड दिवस सहज काढतं. तुमचं पचन उत्तम आहे, चहा वीस मिनिटं आधी घ्या. रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा सवय अचानक बदलली असेल तर मात्र दाखवा.

वय ५६, टाइप २ डायबिटीस, गोळ्या चालू. रात्री झोपताना घरच्या मशीनवर १२८, मधे पाण्याशिवाय काही नाही, सकाळी सहाला १५१! बायको म्हणते तुम्ही रात्री उठून फ्रिजमधलं श्रीखंड खाता. देवाशप्पथ खात नाही. मग साखर आली कुठून?
(एक वाचक, बोरिवली)

वहिनींना हे पान वाचायला द्या. श्रीखंडाने नाही, लिव्हरने केलंय.

एक हिशोब मांडू. अंगात रक्त पाचेक लिटर. साखर १०० असणं म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. एवढीच. आणि मेंदू एकटा तासाला सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज खातो, झोपेतही. म्हणजे कोणी भर घातली नाही तर तासाभरात रक्त कोरडं, आणि आपण तर सात-आठ तास झोपतो. ही भर रात्रभर लिव्हर घालतं. दिवसा जेवणानंतर त्याने साठवलेली शंभरेक ग्रॅम साखर असते, ग्लायकोजेन म्हणून, ती सुटी करून देतं, आणि कमी पडली तर प्रथिनांच्या तुकड्यांपासून वगैरे नवीनही बनवतं. तेव्हा रात्री काही न खाता रक्तात साखर असणं हा चमत्कार नाही, तेच आपल्याला सकाळी जिवंत उठवतं.

पण किती सोडायची हे कोण सांगतं? स्वादुपिंडातले दोन निरोपे, ग्लुकॅगॉन म्हणतो सोड, इन्सुलिन म्हणतं पुरे. दोघांचं ऑफिस एकच, स्वादुपिंडातले पेशींचे छोटे पुंजके, पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने ते १८६९ मध्ये पाहिले आणि कशासाठी आहेत ते त्याला कळलं नाही. सगळे पुंजके गोळा केले तर भरतील एक-दोन ग्रॅम! त्यातलं इन्सुलिन वेगळं काढलं गेलं टोरांटोमध्ये १९२१ ला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं. पहिल्या इंजेक्शनने फारसं काही झालं नाही कारण औषध शुद्ध नव्हतं, मग दिवसरात्र खपून शुद्ध केलं आणि दुसऱ्या खेपेला साखर उतरली. तो मुलगा अजून तेरा वर्षं जगला. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणं एवढाच उपाय होता.

तर, टाइप २ मध्ये अडचण अशी की इन्सुलिन "पुरे" म्हणतंय पण लिव्हरला कमी ऐकू येतं. त्यात पहाटे शरीर उठायची तयारी सुरू करतं, कॉर्टिसॉल वाढतं, झोपेत सुटलेल्या ग्रोथ हार्मोनचा परिणाम असतो, आणि ही सगळी मंडळी साखर वर ढकलणारी. ज्याला डायबिटीस नाही त्याचं स्वादुपिंड थोडं जास्त इन्सुलिन सोडून ते सांभाळून घेतं, कळतही नाही. तुमचं तेवढं सांभाळू शकत नाही, म्हणून १५१.

रात्रीचं जेवण बंद करून हे सुटत नाही, आणि मनाने गोळी तर अजिबात वाढवू नका. आठवडाभर रात्रीचे आणि सकाळचे आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा, मध्यरात्री तीनला एकदा मोजायला हवं का तेही विचारा. जेवल्यावर वीस मिनिटं चाला, चालत्या स्नायूला साखर आत घ्यायला इन्सुलिनची तेवढी गरज लागत नाही. आणि श्रीखंड घरात ठेवताच कशाला, संशय येणारच.

माझं वजन ६१, उंची ५ फूट ६ इंच, सगळे मला काडी पैलवान म्हणतात. तरी ऑफिसच्या चेकअपमध्ये तीन महिन्यांची साखर ६.१ आली, बॉर्डरवर म्हणाले. वय ३४. लॅबची चूक असेल ना?
(एक वाचक, मुलुंड)

असेलही, परत करून बघा, पण मला नाही वाटत. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, निघतो २१.७, अगदी नॉर्मल, आणि इथेच आपण फसतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच गोष्टीवर काम केलंय. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! स्वतःचा फोटो देऊन हे सांगायला धाडस लागतं. वजनकाटा हाडं, स्नायू, चरबी सगळं एकत्र मोजतो, आणि आपल्याकडे पुष्कळदा हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात आतड्यांभोवती.

ती चरबी नुसती पडून राहत नाही. आतड्यांकडचं रक्त सरळ लिव्हरकडे जातं, त्याबरोबर चरबीची आम्लंही जातात, आणि मग लिव्हरचा तोच बहिरेपणा जो वर बोरिवलीच्या काकांना सांगितला. तर टेप घ्या, बेंबीपाशी पोट मोजा, श्वास आत न ओढता (सगळे ओढतात). पुरुषांचं ९० सेंटीमीटर आणि बायकांचं ८० च्या वर असलं तर काटा काय म्हणतो ते विसरा. आणि तुम्ही वजन कमी करायच्या मागे लागू नका, तुम्हाला स्नायू हवेत, कारण जेवणानंतरची बरीचशी साखर तेच उचलतात. दंड-बैठका, जिने, पाण्याच्या बादल्या, काहीही. ताटात दुसऱ्यांदा भात घ्यायच्या ऐवजी उसळ घ्या. सिगारेट ओढत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

उपवासाला पोट हलकं राहावं म्हणून फक्त साबुदाण्याची खिचडी खाते, तरी दुपारी इतकं जड का वाटतं?
(एक वाचक, गोरेगाव)

कारण ती हलकी नाहीये! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावाला, आणि वर आपण घालतो मूठमूठ दाण्याचं कूट आणि तूप. तूप आतड्यात उतरलं की तोच वरचा कोलेसिस्टोकायनिन पित्ताशयाला तर हलवतोच, पण जठरालाही सांगतो, थांब, हळू सोड. म्हणून खिचडी तासन्‌तास बसून राहते. एकादशी आणि दुप्पट खाशी हे उगाच नाही म्हणत. कूट ठेवा, त्यात प्रथिनं आहेत, साबुदाणा अर्धा करा, सोबत ताक आणि काकडीची कोशिंबीर.

मी पाचवीत आहे. मधल्या सुट्टीच्या आधी माझ्या पोटातून गुरगुर आवाज येतो आणि सगळे हसतात. आई म्हणते पोटात कावळे ओरडतायत. खरं काय असतं?
(एक छोटी वाचक, चेंबूर)

सगळ्यात छान प्रश्न तुझा आहे. कावळे नसतात गं, झाडूवाले असतात. पहाटे रस्ता रिकामा असताना पालिकेची माणसं झाडून घेतात ना, तसं जठर आणि लहान आतडं रिकामं झालं की साधारण दर दीड-दोन तासांनी स्नायूंची एक मोठी लाट वरून खाली जाते आणि उरलंसुरलं, शेंगदाण्याची सालं वगैरे, पुढे ढकलते. त्यासाठी मोटिलिन नावाचा निरोप येतो. आत थोडी हवा आणि थोडं पाणी असतं, ते पिळलं गेलं की गुरगुर. पोट भरलेलं असताना पण हलत असतंच, पण अन्नामुळे आवाज दबतो, आणि तू खाल्लंस की झाडूवाले लगेच काम थांबवतात.

जोराची लाट पाच-दहा मिनिटंच चालते, मग आपोआप गप्प होते. जे हसतात त्यांच्याही पोटात हे चालूच असतं, एकदा शेजारणीच्या पोटाला कान लावून बघ. आणि डबा मधल्या सुट्टीतच खा, बाकाखाली लपवून नको, बाईंना वास येतो, मला यायचा.